बाई रागावत नाहीत

सोमवार, ४ मार्च

मुलीने आज एक यंत्र पाठवलं. तळहाताएवढा पडदा, मागे काचेला चिकटवायची रबरी वाटी आणि गाडीत सिगारेट पेटवायच्या खाचेत खुपसायची वायर. आकाशातल्या उपग्रहांना विचारून म्हणे ते रस्ता सांगतं. तिने नवा फोन घेतला, त्यात हे सगळं आहे, म्हणून जुनं बापाच्या गळ्यात.

चौतीस वर्षं मी दुकानोदुकानी वजनकाटे दुरुस्त करत फिरतोय. कुठल्या गल्लीत कुत्रं अंगावर येतं हेसुद्धा मला पाठ आहे. मला रस्ता दाखवणार ही डबी! मी ती माळ्यावर टाकणार होतो, पण ही म्हणाली, "राहू द्या हो गाडीत. मी कधी बरोबर आले तर बघत बसेन, मजा येईल." गाडी सुरू झाली की पाच मिनिटांत हिला झोप लागते. बघणार काय, कपाळ!

स्वयंपाकघरातला दिवा बदलला. महिन्याभरातला हा तिसरा. हल्लीचे दिवे दोन दिवसांत पिवळट जळायला लागतात.

गुरुवार, ७ मार्च

बेकरीचं वळण चुकलो. एकोणीस वर्षं दर महिन्याला तिथे जातो, पिठाचे दोन्ही काटे मीच बसवलेत. तरी वळण मागे गेलं आणि कळलं ते थेट पेट्रोल पंपाशी. बेकरीवाला म्हणाला, "काका, आज उशीर?" मी म्हटलं, "ट्रॅफिक." त्या रस्त्यावर सकाळी नवाला ट्रॅफिक म्हणजे दोन सायकली आणि एक दूधवाला.

पंधरा दिवसांतली ही तिसरी वेळ. हे फक्त इथे लिहितोय. ही वही मी जानेवारीत सुरू केली ती याचसाठी, की उद्या मी काय विसरलो ते निदान कुठेतरी सापडावं. दादाचं असंच सुरू झालं. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तीस वर्षं बस चालवली त्याने, आणि एक दिवस रिकामी बस घेऊन भलत्याच डेपोत जाऊन उभा राहिला. आम्ही हसलो होतो. आता तो आपल्याच घरात न्हाणीघर शोधतो.

शनिवार, ९ मार्च

यंत्र लावलं. कोणी बघू नये म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत ते सीटखाली ठेवलं होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आत एक बाई बोलते. आवाज शाळेतल्या मास्तरीणबाईंसारखा, पण छडी नसलेल्या. "दोनशे मीटरवर डावीकडे वळा." मी मुद्दाम सरळ गेलो, बघू काय करते. वाटलं, आता ओरडेल. क्षणभर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "शक्य असेल तिथे वळून घ्या." मी पुन्हा सरळ. पुन्हा तेच, त्याच आवाजात. चार वेळा चुकलो, चारही वेळा एक अक्षर चढ्या सुरात नाही. हिच्याशी लग्न होऊन सदतीस वर्षं झाली, पण असा अनुभव मला नवीन.

संध्याकाळी घराजवळ येऊनही 'घर' हे बटण दाबलं. आपली गल्ली सापडली असती, पण समोरून ऊन आलं की सगळा रस्ता पांढराफटक होतो आणि काही सुचत नाही. बाई म्हणाल्या, "तुम्ही पोहोचला आहात." बरं वाटलं. लाजही वाटली.

गुरुवार, १४ मार्च

आजची गंमत हिला पुरती सांगता येणार नाही.

घरच्या घरी साबण बनवून विकणारी एक बाई आहे, नवं गिऱ्हाईक. तिचा फोन हिने घेतला आणि पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. मी तो यंत्रात भरला, बाईंनी बिनबोभाट नेऊन सोडलं. घर नंबर अठ्ठ्याऐंशी. बेल वाजवली. दार उघडलं एका आजींनी. माझ्या हातातली हत्यारांची पेटी बघून म्हणाल्या, "आलात एकदाचे! दोन दिवस झाले टपटप ऐकतेय, डोकं उठलंय माझं." आणि मला थेट मोरीतल्या नळापाशी नेऊन उभं केलं.

मी नळवाला नाही, हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण मग भलत्या घरी का आलो, हेही सांगावं लागलं असतं. मुकाट्याने पेटी उघडली, वायसर बदलला. आजींनी चहा दिला. म्हणाल्या, "मागच्या वेळी आला होता तो बडबड्या होता. तुमचा हात चांगला आहे." इतकं कौतुक काट्याच्या धंद्यात वर्षभरात होत नाही.

गाडीत बसतोय तो साबणवालीचा फोन. "काका, मी त्र्याऐंशी सांगितलं होतं हो." चिठ्ठीवर त्र्याऐंशीच लिहिलं होतं असं ही शपथेवर सांगते. म्हणजे मी वाचलं बरोबर असणार आणि यंत्रात भरेपर्यंत विसरलो. चिठ्ठी ते बोट, एवढ्या वेळात! दादालासुद्धा पहिल्या वर्षी इतकं झालं नव्हतं.

रविवार, १७ मार्च

दादाला गाडीतून फिरवायला नेलं. तो इथून तीन गल्ल्या पलीकडे मुलाकडे राहतो. त्याच्या सुनेला दोन तास मोकळे मिळावेत म्हणून दर रविवारी मी नेतो.

गाडीत बसल्या बसल्या विचारलं, "कुठे चाललोय आपण?" म्हटलं, तळ्यावर. दोन मिनिटांनी, "कुठे चाललोय?" तळ्यावर. सहाव्या वेळी माझा आवाज चढला. "किती वेळा सांगू रे दादा! तळ्यावर, तळ्यावर!" तो हात मांडीवर ठेवून शाळेतल्या मुलासारखा बसून राहिला.

तेवढ्यात माझं वळण चुकलं आणि बाई म्हणाल्या, "शक्य असेल तिथे वळून घ्या." दादाने इकडेतिकडे पाहिलं. "कोण बोलतंय?" मी म्हटलं, रस्ता सांगणाऱ्या बाई आहेत. मी पुन्हा चुकलो, बाई पुन्हा बोलल्या. दादा माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "चांगल्या आहेत बाई. रागावत नाहीत."

तळ्यावर मी त्याला भाजलेले शेंगदाणे घेऊन दिले. तो कधीच विसरला होता मी ओरडलो ते. मी मात्र विसरलो नव्हतो, माझी पुडीही त्यालाच दिली. उद्या माझ्यावर ही पाळी आली की माझ्यावर कोण ओरडेल, हे मनात आलं आणि पहिलं नाव हिचं आलं. मग वाटलं, नाही, ही ओरडणार नाही. ही स्वयंपाकघरात जाऊन रडेल. ते जास्त वाईट.

शुक्रवार, २२ मार्च

काटा तपासायची आमची रीत अशी, की वजन नुसतं मधे ठेवून भागत नाही. चारही कोपऱ्यांवर ठेवून बघायचं. मधे खरा असलेला काटा कोपऱ्यावर खोटा निघतो. तशी आज स्वतःची परीक्षा घेतली.

ही भाजी आणायला गेली तेव्हा जुनं कॅलेंडर उलटं पसरलं, जाड मार्कर घेतला आणि घरापासून बेकरीपर्यंतचा रस्ता डोक्यातून काढला. प्रत्येक वळण, प्रत्येक गतिरोधक, शाळेची भिंत, टपालपेटी. मग भंगारवाल्याचा रस्ता. मग सोनाराचा. ही आल्यावर तिला हळूच विचारून ताडून पाहिलं, एक चूक नाही. टेबलावर माझा काटा चारी कोपऱ्यांत खरा आहे!

मग रस्त्यावरच काय होतं? घरात आठवतं आणि गाडीत बसलं की विसरतं, असा कुठला रोग असतो? दादाच्या डॉक्टरला विचारावं असं मनात आलं होतं, पण विचारलं की तो तपासणार आणि तपासलं की सांगणार.

संध्याकाळी तर गाडी चालवणं नकोसं झालं. समोरच्या गाड्यांनी हल्ली दिवे कसले लावलेत कोण जाणे, प्रत्येक दिव्याभोवती पिसारा फुललेला असतो. यावर कायदा हवा.

बुधवार, २७ मार्च

आज एक बाई वाचली.

शाळेच्या भिंतीपाशी रस्ता ओलांडत होती, राखाडी साडी, हातात सायकल. मला ती दिसली तेव्हा ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी तिच्या सायकलच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. ती माझ्याकडे बघत राहिली. नंतर म्हणाली, "काका, बरं वाटत नाहीये का?"

तिथे रस्ता ओलांडायचे पट्टे आहेत हे मी विसरलो. परवाच कॅलेंडरवर काढले होते ते पट्टे, आणि विसरलो. यावर बाईंकडेही इलाज नाही. त्या वळणं सांगतात, माणसं सांगत नाहीत.

ठरवलं. सोमवारी सोनाराचं काम आहे, शब्द दिलाय, तेवढं करीन. मग किल्ल्या हिच्या हातात देईन आणि सगळं सांगेन. काम सुटणार, गाडी सुटणार. एकदा बोललो की मी दादाच्या रांगेत. पण त्या बाईची नजर डोळ्यांपुढून हलत नाही.

सोमवार, १ एप्रिल

उशीर झालाय, पण लिहितोच.

सोनाराच्या दुकानात सकाळी अकराला पोहोचलो. त्याचा काटा बारीक, केसभर फरकही दाखवतो. मी शंभर ग्रॅमचं प्रमाण वजन चिमट्याने ठेवलं. पडद्यावर शेवटचा आकडा आठ दिसला. म्हणजे काटा जास्त दाखवतोय. खोलला, साफ केला, जुळवला. पुन्हा आठ. पुन्हा खोलला. तिसऱ्या वेळी शून्य आलं. म्हटलं, "घ्या, झाला."

सोनार तिशीचा आहे, त्याच्या वडिलांपासून मी तिथे जातो. त्याने आपलं एक वजन ठेवून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मिस्त्री, आत्ता आठ आहे. मघाशी तुम्ही वजन ठेवलंत तेव्हा शून्य होतं. मी बघत होतो. म्हटलं, तुमचं काही वेगळं चाललं असेल."

चौतीस वर्षांत मी खरा काटा खोटा केला नव्हता. खुर्चीत बसलोच. आणि जे घरी सांगायचं होतं ते तिथेच तोंडातून बाहेर पडलं. "माझं डोकं गेलंय रे. भावासारखं. रस्ते आठवत नाहीत, आकडे आठवत नाहीत. हे शेवटचं काम."

त्याने पाणी दिलं. मग विचारलं, "मागच्या वेळी या काट्यात काय निघालं होतं?"

"मुंगी," मी म्हटलं. "ताटलीखाली अडकली होती. ऑगस्टमधे. तुझे वडील म्हणाले, मारू नका, बाहेर सोडा. तू तिला पाकिटाच्या कागदावर घेऊन दारापर्यंत गेलास आणि परत येताना पायरीला ठेचकाळलास."

"डोकं गेलेल्या माणसाला मुंगी आठवते होय?" तो म्हणाला. "इकडे या."

खडे बघायचा दिवा ओढला, डोळ्याला भिंग लावलं आणि माझी हनुवटी धरून माझ्या डोळ्यात बघायला लागला. हिऱ्याकडे बघावं तसा. आधी डावा, मग उजवा. माझी पापणी बोटाने वर उचलली. "मिस्त्री, खड्यात ढग असला तर आम्ही खडा परत करतो," तो म्हणाला. "तुमच्या उजव्या डोळ्यात हा एवढा पांढरा ढग आहे. डाव्यातही धरलाय. डोळ्याच्या डॉक्टरला कधी दाखवलंत?"

मी म्हटलं, चष्मा आहे की मला. दोन वर्षांपूर्वीच नवा केला.

त्याने भिंग माझ्या हातात दिलं. "यातून काट्याचा आकडा वाचा." आठ. "आता भिंग काढा." मी डोळे बारीक केले. शून्य. शपथ घेतली असती मी, शून्यच.

त्याने आकडे वाचले, मी हाताने जुळवलं आणि काटा परत खरा केला. मग मला गाडी चालवू दिली नाही. दुकान बंद करून स्वतः चालवत आला आणि वाटभर बाईंशी भांडत होता. "अहो बाई, हा रस्ता खोदलाय!" बाई म्हणाल्या, शक्य असेल तिथे वळून घ्या. मी शेजारी बसून हसत होतो. केव्हापासून हसलो नव्हतो.

बुधवार, ३ एप्रिल

मोतीबिंदू! दोन्ही डोळ्यांत. उजवा पिकलेला.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी विचारलं, "नक्की? दुसरं काही नाही?" त्या म्हणाल्या, एवढं काय कमी आहे का. मी म्हटलं, डोकंही तपासा. मग त्यांनी समोरच्या खोलीतल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी शंभरातून सात सात वजा करायला लावलं, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि घड्याळाचं चित्र काढायला दिलं. मी तबकडी काढली, काटे काढले, मग आतली चाकं आणि स्प्रिंगही काढली. डॉक्टर म्हणाले, "पुरे, पुरे. तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं आहे."

बाहेर बाकावर ही बसली होती. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. मी म्हटलं, "मोतीबिंदू." ती उभी राहिली. "फक्त?" "फक्त." आणि ती जी रडायला लागली! रडता रडता हसायला लागली, माझा हात धरून "मोतीबिंदू, मोतीबिंदू" म्हणत. शेजारच्या आजोबांना वाटलं आम्हाला नातू झाला. नर्स येऊन म्हणाली, "मावशी, साधं ऑपरेशन असतं, घाबरू नका." ही म्हणाली, "घाबरतंय कोण! पेढे वाटायचे बाकी आहेत." माझा जीव भांड्यात पडला, पण हिचा किती दिवस टांगलेला होता ते मला तेव्हा कळलं.

कारण घरी आल्यावर तिने सांगितलं. यंत्र मुलीला जड झालं नव्हतं. हिनेच फोन करून मागवलं होतं. फेब्रुवारीत मी पहिल्यांदा वळण चुकलो तेव्हा ही मागच्या सीटवर होती, आणि झोपलेली नव्हती. रोज संध्याकाळी मी अंघोळीला गेलो की ती गाडीत जाऊन यंत्रात बघायची, मी कुठे कुठे जायला विचारलं ते. "रोज शेवटी 'घर'. आपल्याच गल्लीच्या तोंडावरून 'घर'. मी काय समजू? भाऊजींचं झालं तेच तुमचं झालं म्हटलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी बोललात का?"

एका छपराखाली दोघं दोन कोपऱ्यांत बसून साप साप म्हणून भुई धोपटत होतो. आणि दिवे? दिवे पहिल्यापासून चांगले होते, ती म्हणाली. तीनही बदललेले तिने फडताळात जपून ठेवलेत.

गुरुवार, ११ एप्रिल

उजवा डोळा झाला. आज पट्टी काढली. मोठ्या अक्षरांत लिहितोय, जास्त लिहू नको म्हणालेत.

भिंत पांढरी आहे! मी ती पिवळी धरून चाललो होतो. हिच्या कपाळावर दोन नव्या आठ्या आहेत. त्यांचं श्रेय माझं.

रविवार, २८ एप्रिल

डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली. डावा डोळा पुढच्या महिन्यात. काल सोनाराकडे गेलो, काटा न विचारता चारही कोपऱ्यांवर तपासून दिला. शाळेच्या भिंतीपाशी गाडी थांबवून पट्टे बघितले. सात आहेत.

आज दादाला घेऊन गेलो. येता-जाता प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली. 'येथे पंक्चर काढून मिळेल.' 'वाहने उभी करू नयेत.' दादाला वाटलं मला वेड लागलं. यंत्र मी लावलं नव्हतं, आता त्याची गरज नाही. दादाने दोन-तीनदा पुढे वाकून काचेकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई कुठे गेल्या?" मग सीटखालून काढून लावलं.

बेकरीचं वळण आलं. मला स्पष्ट दिसलं, पाटीवरचा पावही दिसला. मी मुद्दाम सरळ गेलो.

"शक्य असेल तिथे वळून घ्या."

दादाने पुढे होऊन यंत्रावर हलकेच हात ठेवला. "वळतो हं बाई," तो म्हणाला. "पोरगा नवीन आहे अजून." आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. तीस वर्षांत किती नव्या ड्रायव्हरांना शिकवलं असेल त्याने, एवढा क्षण तो तोच होता.

हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं, की मी सुटलो आणि दादा सुटला नाही. त्याच्या ढगाला ऑपरेशन नाही. सुटल्याचा आनंद मला रोज सकाळी डोळे उघडले की होतो, आणि तो लपवायचा कशाला. पण मागच्या महिन्यात मी त्याच्या सीटवर बसून आलोय. तिथून बाहेरचं काय ऐकू येतं ते मला माहीत आहे.

परतताना त्याने विचारलं, "तू कोण रे?"

"धाकटा, दादा."

"हां." आणि थोड्या वेळाने, "तू कोण?"

"धाकटा."

घर येईपर्यंत नऊ वेळा विचारलं. मी नऊ वेळा सांगितलं. नवव्यांदाही पहिल्यांदाच सांगतोय असं सांगितलं, बाई सांगतात तसं.